बिघाड नेमका कुठं आहे?

जुगारात बुडालेल्या माणसाबद्दल आपल्याकडं एक वाक्य तयार असतं : "त्यालाच अक्कल नव्हती." हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले, कारण माझा सख्खा काका मटक्यात गेला. पुढं समाजशास्त्रात एम.ए. केलं, वस्तीत काम करू लागले आणि तेच वाक्य जरा शुद्ध भाषेत अहवालात लिहू लागले : "इच्छाशक्तीचा अभाव." या वाक्यातली चूक मला विद्यापीठात कळली नाही. ती कळली अमेरिकेत, शिकागोजवळच्या एका तळघरात, जुगाराचं बंद पडलेलं मशीन दुरुस्त करणाऱ्या माझ्या बापाशेजारी बसून. आपल्या कामाशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. थोडा धीर धरा, संबंध आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी बाबांना घेऊन दादाकडं दोन महिने राहायला गेले होते. दादा तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाबा बसगाड्यांच्या सरकारी कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते. सेल्फ, डायनामो, हॉर्न, हेडलाईट यांत त्यांची सगळी नोकरी गेली. हाताला काम नसलं की हा माणूस आजारी पडल्यासारखा दिसतो. दादाच्या घरातली कुठलीच वस्तू बिघडत नव्हती आणि बिघडली तरी कुणी दुरुस्त करत नव्हतं. आठवडाभरात बाबा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागले.

शेजारी एक ऐंशीच्या पुढचे गोरे आजोबा राहत. तेही निवृत्त तंत्रज्ञ होते, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिले सांभाळायचे. एकदा कुंपणापाशी दादाशी बोलताना बाबांचा धंदा काय, हे त्यांना कळलं. ते थेट म्हणाले, "त्यांना घेऊन या. माझे हात आता थरथरतात. मला दुसरे हात हवेत."

तळघरात एका टेबलावर ते मशीन होतं. चकचकीत पत्र्याची भारदस्त पेटी. समोर काचेमागं तीन चाकं, त्यांवर चेरी, प्लम, संत्रं, घंटा, सात असली चित्रं. उजव्या बाजूला हँडल. नाणं टाकायचं, हँडल ओढायचं, चाकं थांबली की एका ओळीत कुठली चित्रं आली त्यावर पैसे मिळायचे किंवा मिळायचे नाहीत. बॅली कंपनीचं, १९६० च्या दशकातलं. ही कंपनी शिकागोचीच, १९३२ साली सुरू झालेली. त्याआधीची अशी मशीनं पूर्ण यांत्रिक असत. पहिलं गाजलेलं मशीन सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या जर्मनीतून आलेल्या मेकॅनिकनं १८९० च्या दशकात बनवलं. त्यात स्प्रिंगा, दाते आणि तरफा होत्या, वीज नव्हती. १९६४ च्या सुमारास बॅलीचं 'मनी हनी' आलं आणि पैसे मोजून बाहेर टाकण्याचं काम विजेच्या मोटरकडं गेलं. अमेरिकेत अनेक राज्यांत असं ठरावीक वर्षांपेक्षा जुनं मशीन जुगारासाठी वापरायचं नाही या अटीवर घरात ठेवता येतं. आजोबांनी ते कुणाच्या तरी घरसामानाच्या विक्रीतून उचललं होतं. ते पूर्ण मुडदा होतं. स्विच लावला की फ्यूज जायचा.

बाबांनी मागचं दार उघडलं आणि पहिल्यांदा फ्यूज काढून हातात घेतला. लेबलवर जो आकडा छापला होता, त्याच्या दुप्पट क्षमतेचा फ्यूज आधीच्या मालकानं बसवलेला होता. बाबा हसले. मला म्हणाले, "बघ, इथंसुद्धा आपलीच माणसं आहेत. फ्यूज सारखा जातोय ना, मग जाड तार मारा!"

आपल्यापैकी कुणी हे पाहिलं नाही? वस्तीत मीटरच्या डब्यात फ्यूज उडतो, कुणी तरी वायरीची जाड तार गुंडाळतो, दिवे लागतात, सगळे खूश. पण फ्यूज हा बिघाड नसतो. आत कुठं तरी जास्त प्रवाह वाहतोय हे सांगणारा तो निरोप्या असतो. त्याचं तोंड बंद केलं की आग दुसरीकडं लागते. या मशीनमध्येही एका वायरीचं वेष्टण काळं पडून तडकलेलं होतं.

योग्य क्षमतेचे फ्यूज आजोबांकडं चारच होते. बाबांनी ते वाया घालवले नाहीत. तळघरातला शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब त्यांनी फ्यूजच्या जागी सिरीजमध्ये जोडला. आपल्याकडं प्रत्येक वायरमनकडं असा सिरीज बोर्ड असतो. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजानं पेटतो, शॉर्ट नसेल तर मंद लालसर राहतो आणि कशाचंही नुकसान होत नाही. आजोबांनी ही युक्ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. तेही हेच करायचे. तिथून पुढं त्या दोघांना माझ्या दुभाषेपणाची फारशी गरज उरली नाही.

बल्ब लख्ख पेटला. म्हणजे शॉर्ट आहे. पण कुठं? आत शेकडो वायरी. बाबांनी एकाही वायरीवर संशय घेतला नाही. त्यांनी प्लग काढला, वायरींच्या जुडग्यांचे जोड-प्लग एकेक करून सोडवले आणि दर वेळी पुन्हा वीज देऊन बल्बकडं पाहिलं. हे सोडवलं, बल्ब तसाच. ते सोडवलं, तसाच. पुढच्या दाराकडं जाणारं जुडगं सोडवलं आणि बल्ब मंदावला. मग तेच पुन्हा जोडून, एक हात खिशात ठेवून, दुसऱ्या हातातल्या लाकडी पट्टीनं बिजागरीजवळची वायर हलवली. बल्ब लुकलुकला. पन्नास-साठ वर्षं दार उघडून-मिटून तिथल्या दोन वायरींचं वेष्टण झिजलं होतं आणि तांबं तांब्याला चिकटत होतं. एक हात खिशात का? दोन्ही हात आत असले आणि एक फेजला, दुसरा पत्र्याला लागला तर प्रवाह छातीतून जातो. आपल्याकडं २३० व्होल्ट, तिथं १२०, पण मरायला १२० पुरतात.

दादा संध्याकाळी येऊन म्हणाला, "एवढं कशाला? नवीन वायरिंगच टाका सगळं." बाबा म्हणाले, "मग बिघाड काय होता ते कधीच कळणार नाही. नव्या वायरीसुद्धा त्याच बिजागरीत झिजतील." त्यांनी दोन्ही वायरी बदलल्या, वर स्लीव्ह चढवली आणि दार उघडताना ताण येऊ नये म्हणून जुडगं थोडं सैल बांधलं.

दिवे लागले. चाकांमागचे सहा व्होल्टचे बारके बल्बही लागले. पण नाणं टाकलं तरी हँडल जागचं हलेना.

हँडल कुलूपबंद असतं, हे मला तेव्हा कळलं. फुकट ओढता येऊ नये म्हणून. नाणं आत घसरताना एक पातळ तार दाबतं, तिचा स्विच मिटतो, एक रिले ओढला जातो आणि त्या रिलेतून हँडल सोडणाऱ्या कॉइलला वीज मिळते. बाबांनी मला आपल्या भाषेत सांगितलं, "बसची चावी फिरवली की थेट सेल्फ फिरत नाही. आधी सोलेनॉइड, मग सेल्फ. तसंच आहे." आजोबांकडं मशीनचा जुना नकाशा होता, टेबलाएवढा कागद. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण कॉइल, संपर्क, ट्रान्सफॉर्मर यांच्या खुणा आजोबांनी एकदा दाखवल्या आणि दोन म्हातारे त्या कागदावर बोटं फिरवू लागले. एकाचं बोट थरथरत होतं, दुसऱ्याचं मागोमाग जात होतं.

आधी प्लग काढून कॉइल मीटरवर तपासली. तुटलेली नव्हती. मग वीज देऊन एकेका ठिकाणी मोजत गेले. ट्रान्सफॉर्मरवर पन्नासच्या आसपास व्होल्ट. नाण्याच्या स्विचपर्यंत पन्नास. रिले ओढला जात होता, टक् आवाज येत होता. रिलेच्या संपर्काच्या अलीकडं पन्नास आणि पलीकडं शून्य. दोन पाती एकमेकींना टेकलेली दिसत होती, पण वीज पलीकडं जात नव्हती. टोकं काळी पडली होती. डोळ्यांना जोडलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात तुटलेलं असतं, हा बिघाड फक्त मीटरलाच दिसतो.

बाबांनी सवयीनं पॉलिश पेपर मागितला. आजोबांनी त्यांचा हात धरला. ही टोकं चांदीची आहेत, घासली तर चांदी जाईल आणि महिन्याभरात पुन्हा हाच प्रकार होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खिशातून एक्स्चेंजमधली जुनी पातळ पट्टी काढली, काजळी पुसून टोक गुळगुळीत करायची, आणि शेवटी जाड कागदाचा तुकडा दोन पात्यांमध्ये घालून हळूच ओढून दाखवला. कागदावर काळी रेघ उमटली. पस्तीस वर्षं हॉर्नचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासलेला माझा बाप हे बघून गप्प झाला. मग म्हणाला, "साहेब, हे आधी कुणी सांगितलं नाही."

मी हे वाक्य इंग्रजीत सांगितलं. आजोबा म्हणाले, "मलाही बॉसनं ओरडूनच शिकवलं होतं."

हँडल सुटलं. आणि मग तिसरा बिघाड समोर आला. खरं तर हा लेख त्या तिसऱ्या बिघाडासाठीच लिहिला आहे.

या जातीच्या मशीनमध्ये चाकं विजेवर फिरत नाहीत. ती हँडलच्या झटक्यानं फिरतात आणि यांत्रिक अडण्यांनी एकामागून एक थांबतात. वीज फक्त वाचते. प्रत्येक चाकाबरोबर एक चकती असते, तिच्यावर धातूचे ठिपके, त्यांवर टेकणारी बोटं. कुठं थांबलं ते बोटांना कळतं, तीन चाकांची वाट जुळली की पैशाच्या हौद्याखालची मोटर सुरू होते आणि नाणी एकेक करून बाहेर पडतात. किती टाकायची हे एक मोजणी ठरवते. बाहेर पडणारं प्रत्येक नाणं एक दांडी उचलतं, तिचा स्विच मिटतो, मोजणीचा काटा एक घर पुढं सरकतो. ठरलेल्या घरावर काटा आला की मोटरची वीज तुटते.

तीन प्लम आले. वरच्या तक्त्याप्रमाणं चौदा नाणी पडायला हवी होती. चौदा पडली, वीस पडली, तीस पडली. ताटात मावेनात, खाली फरशीवर घरंगळायला लागली. माझा पुतण्या टाळ्या पिटून ओरडायला लागला, "आजोबा, मशीन झालं! मशीन झालं!" बाबांनी झटकन प्लग ओढला.

"झालं नाही," ते म्हणाले. "बिघडलंय."

पोरगं हिरमुसलं. मी हसले, आणि मग हसणं आपोआप थांबलं. मशीन जेव्हा माणसाला देत होतं, त्याला दोन तज्ज्ञ बिघाड म्हणत होते. आणि दोघांचंही बरोबर होतं! मग हे मशीन 'नीट चालतं' म्हणजे नेमकं काय करतं?

मोजणीच्या यंत्रातलं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. कॉइल ओढत होती, पण दातेरी चाक पुढं सरकतच नव्हतं. नाणी जात होती आणि हिशेब जागच्या जागी होता. बाबांनी ते सुटं करून स्पिरिटनं पुसलं, आजोबांच्या सल्ल्यानुसार पुन्हा ग्रीस न लावता कोरडं बसवलं. तीन प्लम हातानं जुळवून पाहिले. चौदा नाणी आणि मोटर बंद. पुन्हा चौदा. पुन्हा चौदा.

त्या संध्याकाळी मी वही काढली. माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. दार उघडंच होतं, चाकं समोर होती, म्हणून एकेका चाकावरची चित्रं मोजली. प्रत्येक चाकाला वीस थांबे. वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजार जुळण्या. सात हे चित्र प्रत्येक चाकावर फक्त एकदा, म्हणजे तीन सात आठ हजारांत एकदा. प्लम पहिल्या चाकावर पाच, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर चार. पाच गुणिले चार गुणिले चार, ऐंशी जुळण्या. प्रत्येकीला चौदा नाणी, एकूण अकराशे वीस. असं प्रत्येक चित्राचं केलं. बाबा शेजारी बसून आकडे सांगत होते, मी लिहीत होते. शेवटी बेरीज आली : आठ हजार नाणी टाकली आणि प्रत्येक जुळणी एकदा आली, तर मशीन परत देणार ६,७७४. उरलेली १,२२६ मालकाची. आठ हजारांतल्या १,०६० जुळण्यांवर काही ना काही मिळतं, म्हणजे साधारण साडेसात खेळांत एकदा. तेवढं मिळत राहतं म्हणून माणूस उठत नाही.

यात कुणाचं नशीब नाही, कुणाची अक्कल नाही, कुणाची इच्छाशक्ती नाही. चाकावर चित्रं चिकटवली त्या दिवशीच १,२२६ हा आकडा ठरला होता. एखादा खेळणारा आज जिंकेल, दुसरा हरेल, पण जो रोज येतो त्याच्याकडून मशीन आपला वाटा घेणारच. घेतलं नाही तर मेकॅनिकला फोन जाईल.

बाबा बराच वेळ त्या बेरजेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सिंगलला दहाला नव्वद होता."

मला क्षणभर कळलंच नाही. ते मटक्याबद्दल बोलत होते. शून्य ते नऊ असे दहा आकडे. त्यातला एक लावायचा, लागला तर रुपयाला नऊ रुपये. दहाच्या दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जाणार, नऊ येणार. हिशेब पोरालाही येईल इतका सोपा. मुंबईतला हा आकड्यांचा जुगार सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेनं येणाऱ्या भावांवर चालायचा. तिथून भाव येणं १९६१ मध्ये बंद झालं आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली, म्हणून मटका. आकडे कुठून येतात ते बदललं, दहाला नऊ तेवढंच राहिलं.

माझ्या काकानं त्यात घरातली भांडी विकली. काकू माहेरी गेली ती परत आली नाही. बाबांनी त्याला दोनदा कर्जातून सोडवलं आणि तिसऱ्यांदा दारातून परत पाठवलं. तो वारला तेव्हाही बाबा म्हणाले होते, "अक्कल नव्हती त्याला." त्या तळघरात ते एवढंच म्हणाले, "मी त्याला कधी हा हिशेब मांडून दाखवला नाही. शिव्याच दिल्या."

मी त्यांना काही सांत्वन दिलं नाही. हिशेब दाखवला असता तर काका थांबला असता, असंही मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट मला स्वतःबद्दल कळली आणि ती तुमच्यासमोर मांडणं मला आवश्यक वाटतं.

अमेरिकेला जाण्याआधी माझ्याकडं एक केस होती. पंचविशीतला मुलगा, घरोघरी सामान पोचवायचं काम करणारा. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांत त्याच्यावर कर्ज झालं होतं. ते फेडायला दुसरं ॲप, तिसरं ॲप. त्याची आई संस्थेत आली होती. मी तिघांशी बोलले, फॉर्म भरला आणि 'मुख्य कारण' या रकान्यात लिहिलं : इच्छाशक्तीचा अभाव, वाईट संगत. उपाय : समुपदेशन.

मित्रांनो, हे काय होतं? हा फ्यूज बदलणं होतं. जो भाग जळून बाहेर दिसला, त्यालाच मी बिघाड म्हटलं. मागं जाऊन एकेक प्लग सोडवून पाहिला नाही. हा मुलगा कोणत्या वेळी खेळतो? ऑर्डरीची वाट बघत रस्त्यावर बसलेला असतो तेव्हा. आठवड्याची कमाई नक्की किती? नक्की नाही, दर आठवड्याला वेगळी. पहिले पैसे कुणी दिले? खेळानंच, 'बोनस' म्हणून. कर्ज कुणी दिलं? फोननंच, कागद न बघता. हे सगळं मला विचारता आलं असतं. मी समाजशास्त्र शिकलेली बाई, आणि एका वायरमननं मशीनला दिला तेवढाही वेळ मी त्या मुलाला दिला नव्हता.

आणि एक फरक इथं सांगायला हवा. त्या जुन्या मशीनचं दार उघडून चित्रं मोजता येतात. आजच्या मशीनची येत नाहीत. १९८४ मध्ये इंगे टेलनेस या नावाच्या संशोधकाला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्यानुसार चाक कुठं थांबायचं हे चाक ठरवत नाही, आत एक संगणक आकडा काढतो आणि चाक फक्त ते दाखवतं. चाकावर वीसच चित्रं दिसली तरी आतल्या यादीत मोठ्या बक्षिसाच्या चित्राला हवं तेवढं दुर्मीळ करता येतं. माणूस डोळ्यांनी अंदाज बांधतो आणि डोळेच त्याला फसवतात. नताशा डाऊ शुल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास वेगासच्या मशीन-जुगारावर वर्षानुवर्षं अभ्यास करून २०१२ मध्ये पुस्तक काढलं. माणसाला जागेवर बसवून ठेवणं ही मशीनची, खोलीची, खुर्चीची रचनाच असते, हा त्यांचा मुद्दा आहे. फोनला तर खोलीही लागत नाही.

कुणी म्हणेल, मग माणसाची जबाबदारी काहीच नाही का? आहे. आपल्या विहारात सिगालोवाद सुत्त वाचलं जातं. त्यात संपत्तीनाशाच्या सहा वाटांमध्ये जुगार सांगितलेला आहे, आणि तो उपदेश माणसालाच केलेला आहे. तो मी मानते. पण ती वाट कुणी बांधली, कुणाच्या दारापर्यंत आणली, त्यावर टोल कोण घेतं, हे विचारू नका असं सुत्तात कुठंही म्हटलेलं नाही. ते आपण आपल्या सोयीनं गाळतो.

आपल्या कायद्यांकडंही बघा. मुंबईचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्यात फुटपाथवर चिठ्ठी लिहिणारा आणि लावणारा पकडला जातो. महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. शेजारच्या गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत अशाच मशीनना परवानगी मिळाली. म्हणजे तोच हिशेब गरिबानं रस्त्यावर केला तर गुन्हा, हॉटेलात केला तर करमणूक, सरकारनं केला तर महसूल. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. मी त्याचं स्वागत करते. पण बंदी म्हणजे मेन स्विच पाडणं. आग लागली तर तो आधी पाडावाच लागतो, पण त्यानं बिघाड सापडत नाही. अनिश्चित कमाई आणि विनाकागद कर्ज या दोन वायरी झिजलेल्याच आहेत. त्यांना चिकटायला उद्या दुसरं काही तरी मिळेल.

परत आल्यावर मी त्या मुलाचा फॉर्म पुन्हा काढला आणि 'मुख्य कारण' या रकान्यात रेघ मारली. त्याच्या सोबत बसून वहीत हिशेब मांडला : किती टाकले, किती आले, कर्ज किती, व्याज किती. जेवढा आकडा त्याला वाटत होता त्याच्या जवळपास दुप्पट निघाला. तो रडला नाही, चिडला. "म्हणजे मी हरणारच होतो?" मी म्हटलं, "रोज खेळलास तर, हो." त्यानंतर तो थांबला असं लिहून हा लेख गोड करता आला असता. तो मध्ये एकदा पुन्हा खेळला. आता हप्ते फेडतोय, काही चुकतात. पण स्वतःला 'मूर्ख' म्हणणं त्यानं सोडलंय आणि कर्जवाल्यांचे धमकीचे फोन आले की तो लपत नाही, आमच्याकडं येतो. माझ्या मते ही लहान गोष्ट नाही. लाजेनं लपलेला माणूस कुठल्याच मीटरला सापडत नाही.

कार्यकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे. कुणाच्याही नावापुढं 'व्यसनी', 'बेजबाबदार', 'अक्कल नाही' असं लिहिण्याआधी प्लग एकेक करून सोडवा. वीज कुठून आली, कुठपर्यंत नीट आहे, कुठं शून्य होते ते मोजा. आणि सगळ्यांत आधी हे तपासा, की ज्याला आपण बिघाड म्हणतोय तो बिघाड आहे की मशीन नीट चालतंय.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा आजोबांना भेटायला गेले. आजोबांनी माझ्या वहीतल्या त्या हिशेबाची प्रत मागून घेतली होती. ती त्यांनी मशीनच्या काचेवर, चाकांच्या अगदी वर चिकटवली. नातवंडं येतील तेव्हा आधी हे वाचायचं, मग हँडल ओढायचं, असा त्यांचा नियम. बाबांना त्यांनी ती चांदीची टोकं पुसायची पातळ पट्टी दिली. बाबा ती आता चष्म्याच्या डबीत ठेवतात. परवा कॉलनीतल्या कुणाची तरी डोअरबेल वाजत नव्हती, तेव्हा तीच घेऊन गेले होते.